जगदीशचंद्रांचं घर आपलंही आहे: कोलकात्यातल्या मराठी मंडळींना जाहीर आवाहन



परवाच्या मंडळाच्या बैठकीत शास्त्रज्ञ आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या घराच्या जतनाचा विषय निघाला आणि दोन मिनिटांत गुंडाळला गेला. "बंगाल्यांचं बंगाली बघून घेतील, आपण कशाला मध्ये पडायचं?" असं एक सभासद म्हणाले, चार जणांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय सुरू झाला. माना डोलावणाऱ्यांची उभी हयात याच शहरात गेली आहे. मुलं इथे शिकली, नोकरीला लागली. त्या बैठकीतून आम्ही काही जण संतापून बाहेर पडलो आणि हे पत्रक लिहायला बसलो.

सियालदाहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवर, म्हणजे जुन्या अप्पर सर्क्युलर रोडवर, हे घर आहे. १९०२ साली बांधलेलं. आत नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. शेजारीच ३० नोव्हेंबर १९१७ रोजी उघडलेलं बसू विज्ञान मंदिर, म्हणजे बोस इन्स्टिट्यूट. एका शास्त्रज्ञाचं राहतं घर आणि त्याने स्वतः उभारलेली प्रयोगशाळा अशी शेजारी-शेजारी टिकून राहिल्याची उदाहरणं आपल्या देशात किती आहेत? त्याच रस्त्यावर सायन्स कॉलेज आहे. तिथल्या एका खोलीत रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय फकिरासारखे राहिले आणि १९४४ साली तिथेच वारले. हा सगळा टापू पायी हिंडण्यासारखा आहे, आणि आपल्यातले किती जण तो हिंडले आहेत?

जगदीशचंद्रांनी काय केलं, हे आपल्या मुलांना "झाडांना जीव असतो म्हणणारे" एवढंच माहीत असतं. ते पुरेसं नाही. १८८५ साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले तेव्हा हिंदी प्राध्यापकाला गोऱ्यापेक्षा कमी पगार होता. त्यांनी तीन वर्षं पगाराला हात लावला नाही, शिकवणं मात्र एक दिवस थांबवलं नाही. शेवटी सरकारला मागची सगळी रक्कम द्यावी लागली. त्याच कॉलेजातल्या एका अडगळीच्या जागेत, पत्र्याचं काम करणाऱ्या एका साध्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं बनवली आणि काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी निर्माण केल्या. कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडची घंटा तारेविना वाजवून दाखवली, बंदुकीची दारू उडवून दाखवली. लहरींचं ध्रुवीकरण करायला त्यांनी काय वापरलं असेल? ब्रॅडशॉचं रेल्वेचं वेळापत्रक, ज्याच्या पानापानांत कथलाचा वर्ख घातला होता! आणि पीळ दिलेला ताग, जो बंगालच्या कुठल्याही बाजारात मिळतो. या माणसाची उपकरणं बोस इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात आहेत. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपारचा संदेश ज्या पाऱ्याच्या ग्राहकयंत्राने पकडला, त्याचं मूळ बोस यांच्या १८९९ सालच्या निबंधात आहे, हे १९९८ साली अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात सविस्तर मांडलं गेलं. आपल्या मुलांच्या सामान्यज्ञानाच्या वह्यांत अजून एकटा मार्कोनीच आहे. ही लाज आपली आहे.

"सरकारी संस्था आहे, कोण पाडणार?" असं सांगणाऱ्यांनी जरा बहूबाजारात जाऊन यावं. २१० बहूबाजार स्ट्रीट. १९२८ च्या फेब्रुवारीत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तिथे तो शोध लावला ज्यासाठी आपण २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो. रामन काम करत ती संशोधन संस्था जादवपूरला गेली, जुनी वास्तू गेली, आज त्या जागी वाणिज्य महाविद्यालय आहे. कॉलेज वाईट नाही, पण नोबेल मिळवून देणारी खोली आता कुणालाही दाखवता येत नाही. बोस इन्स्टिट्यूटच्या संशोधनाचा पसाराही आता सॉल्ट लेकच्या आवारात गेला आहे. कामं दुसरीकडे गेली की जुन्या इमारतीकडे लक्ष कमी होतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि वारसा यादी तरी वाचवते का? लिटल रसेल स्ट्रीटवरचं जुनं केनिलवर्थ हॉटेल यादीत होतं. त्याचा दर्जा खाली आणला गेला आणि ते जमीनदोस्त झालं. मुंबईकरांनी तर बोलूच नये. मलबार हिलवरचा होमी भाभांचा 'मेहरांगीर' बंगला २०१४ साली ३७२ कोटींना लिलावात गेला. अणुकेंद्राचे कर्मचारी न्यायालयात गेले, स्मारकाची मागणी झाली, आणि २०१६ साली बंगला पाडला गेला. आपले शंकर आबाजी भिसे, छपाईचे खिळे पाडणारं यंत्र शोधणारे, १९३५ साली न्यूयॉर्कला वारले. त्यांचं घर म्हणून आपण मुलांना काय दाखवणार आहोत?

याउलट अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरची निकोला टेस्लाची प्रयोगशाळा पाहा. २०१२ साली सामान्य माणसांनी सहा आठवड्यांत तेरा लाख डॉलरहून अधिक जमवले आणि पुढच्या वर्षी ती जागा विकत घेतली. २०२३ च्या नोव्हेंबरात तिथे आग लागली, तरी लोकांनी पाठ फिरवली नाही.

"आपला काय संबंध?" या प्रश्नाला फार उत्तर द्यायची गरज वाटत नाही. विज्ञान मंदिरासाठी मुंबईच्या बोमनजी आणि मुळराज खटाव यांनी देणग्या दिल्या होत्या. १९२० साली जगदीशचंद्रांचं चरित्र लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते. सखाराम गणेश देऊस्करांनी याच शहरात बंगालीतून 'देशेर कथा' लिहिली, शिवाजी उत्सव उभा केला, १९०६ साली लोकमान्य त्यासाठी इथे आले. त्या माणसांनी आपलं-तुपलं केलं नव्हतं. आपल्या मंडळाने इतकी वर्षं गणेशोत्सव कुणापुढे हात न पसरता केला आहे. ज्यांना मांडव घालता येतो त्यांना चार पत्रं लिहिता येत नाहीत?

करायचं ते असं. घर, प्रयोगशाळा आणि बाग ही तिन्ही मिळून एकच राष्ट्रीय स्मारक मानावं, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी ते सगळ्यांना पाहता यावं, भित्तिचित्रांची आणि उपकरणांची तज्ज्ञांकडून तपासणी होऊन अहवाल जाहीर व्हावा, या मागण्यांचं निवेदन तयार आहे. ते कोलकाता महापालिकेच्या वारसा समितीला, पश्चिम बंगाल वारसा आयोगाला आणि केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाला जाईल. सह्या मराठीत, बंगालीत, कशाही चालतील. पैसे आत्ता कुणी देऊ नयेत, कुणी मागितले तर आम्हाला कळवा. ज्यांना बंगाली उत्तम येतं त्यांनी शेजारच्या पाड्यांतल्या क्लबांशी बोलावं, कारण हे काम त्यांच्याशिवाय होणार नाही आणि त्यांना डावलून तर मुळीच करायचं नाही. छायाचित्रकारांनी रीतसर परवानगी घेऊन नोंदी कराव्यात. शिक्षकांनी शाळेची सहल न्यावी, आधी संस्थेत चौकशी करून. आणि महाराष्ट्रातून पाहुणे आले की व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, कालीघाट झाल्यावर अर्धा दिवस आचार्य प्रफुल्लचंद्र रोडसाठी राखून ठेवा. सहल कंपन्यांनाही हेच लिहा. गिऱ्हाइकांनी मागितल्याशिवाय त्या कार्यक्रम बदलत नाहीत.

३० नोव्हेंबर हा जगदीशचंद्रांचा जन्मदिवस आणि संस्थेचा स्थापनादिवसही. त्या दिवशी आपण सगळे मिळून तिथे जाणार आहोत. त्याआधी येत्या रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात सह्यांसाठी या, घरातल्या मोठ्या मुलांना बरोबर आणा, आणि परवा बैठकीत ज्यांनी माना डोलावल्या त्यांनी सर्वांत आधी या.

कोलकात्यातील काही मराठी रहिवासी