सातवी आज्ञा आणि पगाराची चिठ्ठी



धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा शिकवताना सातवी सर्वांत लवकर आटपते. चोरी करायची नाही, एवढं सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि आपण आठवीकडे वळतो. (प्रोटेस्टंट बांधवांच्या मोजणीत ही आज्ञा आठवी येते. मोजणी वेगळी, आज्ञा तीच.) चोर म्हटलं की मुलांना खिसेकापू आठवतो किंवा रात्री गच्चीवरून उतरणारा कोणी. मोठ्यांनाही तोच आठवतो. पण ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाचा ग्रंथ उघडून २४०९ क्रमांकाचा परिच्छेद वाचा. या आज्ञेविरुद्धच्या पापांच्या यादीत अन्याय्य मजुरी देणं आहे, कर चुकवणं आहे, खोटी बिलं करणं आहे. त्याच यादीत मन लावून न केलेलं कामही आहे. शेठ, व्यापारी, कारीगर, कोणालाच त्यातून सूट नाही.

त्याच ग्रंथात १८६७ क्रमांकाला स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांची आठवण दिली आहे. हाबेलचं सांडलेलं रक्त, सदोमचं पाप, इजिप्तमध्ये दडपलेल्या लोकांची हाक, परक्या देशातून आलेल्याची, विधवेची आणि अनाथाची हाक, आणि शेवटी मजुराला मजुरीत केलेला अन्याय. पगार बुडवणं खुनाच्या शेजारी ठेवलंय. परक्या मुलखातून आलेला माणूसही त्याच ओळीत आहे. डिंडोलीत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील किंवा आपण स्वतः जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीनेच इथे आलो. त्या ओळीत आपण आपसूक येतो.

हे सगळं सांगायचं कारण, अलीकडे आपल्यात एक कुरबूर ऐकू येते. मिस्सानंतर कोणी पगाराचा, पीएफचा विषय काढला की दुसरा हळूच म्हणतो, "मास्तर, देवळात युनियन कशाला?" विचारणारी माणसं चांगली आहेत, प्रार्थनेला नियमित आहेत, आणि त्यांची भीती खरी आहे. गुजरातेत आपण थोडे, त्यात मराठी, त्यात ख्रिस्ती. कोणाच्या नजरेत यायला नको, असं वाटणारच. तरीही मी त्यांच्याशी सहमत नाही. का नाही, ते सांगतो.

ज्या रविवारी आपण मिस्साला येतो, तो रविवार भारतातल्या कारखान्यांत कसा आला ते पाहा. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडे गेलं. मागण्या काय होत्या? दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, कामावर जखमी झाल्यास भरपाई, आणि मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हातात. सहा वर्षं खटपट चालली. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणीतल्या मराठी कामगारासाठी रविवार हा खंडोबाचा वार होता, आणि लोखंड्यांच्या मागणीत तेही कारण सांगितलं जातं. म्हणजे आपल्या प्रभूच्या दिवसाची सुट्टी खंडोबाच्या भक्तांनी सह्या करून, सभा घेऊन मिळवली. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट देवाच्या कामाची गंमत वाटते. पण लोखंडे तेव्हा 'देवाधर्माच्या माणसाने गिरणीच्या भानगडीत पडू नये' म्हणून घरी बसले असते तर?

आणि तो रविवार आज डिंडोलीत सगळ्यांकडे आहे का? लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. मीटरवर मजुरी मिळते, बसलं की पैसे बुडाले. आपली दोन-तीन तरुण मुलं महिन्यातून एकदाच मिस्साला दिसतात. त्यांच्या आयांना आपण विचारतो, "श्रद्धा कमी झाली का हो?" श्रद्धेआधी पाळी विचारावी.

याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय, चौथं वचन. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच तिथे ओरडते, आणि ती ओरड सैन्यांच्या प्रभूच्या कानी पोहोचली आहे, असं प्रेषित सांगतो. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराचे पैसे सूर्य मावळण्याआधी द्यायचे आहेत, मग तो आपल्यातला असो की बाहेरून आलेला. १८८४ चे कामगार पंधरा तारीख मागत होते. आजचा कायदा महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायला सांगतो, आणि काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत हे आहे. मोशेच्या संध्याकाळपेक्षा ही मुदत किती सैल आहे बघा, तरी तीही पाळली जात नाही.

द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा आधार घेऊन कोणी म्हणतं की धनी आपल्या पैशाचा मालक आहे, त्याला वाटेल तसं देईल. मत्तयचा विसावा अध्याय नीट वाचा. पहाटे आलेल्यांना कबूल केलेला दीनार पुरा मिळाला, त्याच संध्याकाळी मिळाला. पाच वाजता आलेल्यांना आळशी म्हटलेलं नाही. त्यांना कोणी कामावर लावलं नव्हतं. मजूर नाक्यावर दहा वाजून गेल्यावरही उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ज्याने पाहिलाय, त्याला त्यांचं उत्तर समजेल. दीनार म्हणजे एका घराचा एका दिवसाचा खर्च. धनी आपला हक्क वापरतो तो जास्त देण्यासाठी. कमी देण्यासाठी हा दाखला वापरणं म्हणजे तो उलटा धरून वाचणं.

१५ मे १८९१ ला पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रात हेच ठामपणे मांडलं. मजूर गरजेपोटी कमी पैशाला हो म्हणाला म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही. "त्याने कबूल केलं होतं" हा बचाव तिथेच संपतो. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्राची आठवण काढली.

आता कराकडे येतो, कारण तो विषय निघाला की सगळेच गप्प होतात. सुरतेच्या बाजारात 'बिलाचं की बिनबिलाचं' हा प्रश्न चहा विचारावा तसा विचारला जातो. बिनबिलाचं कापड कोणीतरी विणलेलं असतं, कोणीतरी रंगवलेलं असतं. जो माल वहीत दाखवायचा नाही, त्याचा कारीगर तरी वहीत कसा दाखवणार? त्याचं नाव हजेरीपटावर नसतं, पगार रोख असतो, चिठ्ठी नसते. मग मशीनमध्ये बोट गेलं की ईएसआयचं कार्ड नाही. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यासाठी ती सोय आहे. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. एवढ्या पैशाची बचत करताना एखाद्याचा हात बिनहिशेबी राहतो. म्हणून कर आणि मजुरी हे मला दोन प्रश्न वाटत नाहीत. योहान बाप्तिस्माकर्त्याकडे जकातदार आले तेव्हा त्याने त्यांना धंदा सोडायला सांगितलं नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. जक्कयाने तर चौपट परत दिलं. कराच्या वहीपर्यंत जे पोहोचत नाही, त्या पश्चात्तापाला पवित्र शास्त्रात फारशी जागा दिसत नाही.

व्यापाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. २०१७ च्या जुलैमध्ये कापडावरच्या जीएसटीविरुद्ध सुरतेचा कापडबाजार बंद राहिला, मोठमोठे मोर्चे निघाले. त्यांच्या तक्रारींत तथ्य होतं. लहान जॉबवर्कवाल्याला तो कारकुनी ताप झेपणारा नव्हता. पण बाजार बंद असताना रोजावरच्या हमालाचं काय झालं, हे विचारायला मोर्चा निघाला नाही. आपल्यातही दोन-चार एम्ब्रॉयडरी मशीनवाले आहेत. व्यापारी तीन-तीन महिने पैसे देत नाही, मग मी कारीगराला कुठून देऊ, असं ते म्हणतात. त्यांनी एक लक्षात घ्यावं. आयकर कायद्यात आता अशी तरतूद आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करून मिळत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. कर म्हणजे नुसता जाच नव्हे; लहान माणसाचे पैसे सोडवायलाही तो कामी येतो.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ खानदेशातल्या ज्यांनी पाहिला, खडी फोडली, सुकडी खाल्ली, त्यांना महाराष्ट्राची रोजगार हमी आठवत असेल. वि. स. पागे यांच्या त्या योजनेला पैसा लागला म्हणून १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये गावाकडच्या बाईच्या मजुरीत गेले. मग कायदा झाला, आणि २००५ चा देशाचा कायदा त्याच वाटेने आला.

"पण मागून मिळतं कुठे?" असंही विचारतात. गुजरातचंच उदाहरण देतो. १७ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांच्या दिवसाची मुभा दिली, आणि जादा तासांना दुप्पट दराऐवजी साधाच दर ठेवला. याच दिवसांत सुरतेचे परप्रांतीय कामगार पगार आणि घरची वाट मागत रस्त्यावर आले होते. गुजरात मजदूर सभा आणि आणखी एक कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० ला न्यायालयाने अधिसूचना रद्द केल्या आणि त्या काळातल्या जादा कामाचे पैसे कायद्याच्या दुप्पट दराने द्यायला सांगितलं. प्रत्येकाच्या हाती ते पडले असतील असं मी म्हणणार नाही. पण हक्क कागदावर परत आला, तो कोणीतरी मागितल्यामुळे.

युनियनमध्ये जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. तिथेही पुढारी असतात, वर्गणी असते, कधी भलतंच राजकारण असतं. धर्मग्रामाने कोणाचा झेंडा उचलावा असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या भगिनी घरी बसून साड्यांना टिकी-स्टोन चिकटवतात, धागे कापतात, नगावर पैसे मिळतात, आणि दर ठेकेदार सांगेल तो. पाच घरांनी मिळून एकच दर सांगितला तर त्याला कोणी युनियन म्हणो की प्रार्थनागट, मला फरक पडत नाही.

आणि आधी आपलं घर. आपल्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींना आजारपणाची रजा देता का? देवळाचा आवार झाडणाऱ्या भाऊंचा पगार किमान वेतनाइतका आहे का? हा दुसरा प्रश्न मागच्या बैठकीत निघाला होता, वेळ संपला म्हणून पुढे ढकलला गेला. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो पहिला घ्यावा, अशी लेखी विनंती मी दिली आहे. ज्यांना पटत असेल त्यांनी तिच्याखाली सही करावी. कागद माझ्याकडेच आहे.

येत्या महिन्यापासून दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर व्हरांड्यात एक टेबल लावतो आहोत. ई-श्रमची नोंदणी, पीएफ आणि ईएसआयचे नंबर तपासणं, थकलेल्या पगाराचा अर्ज लिहिणं, एवढं तिथे होईल. येताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेल्या नंबरचा मोबाइल आणा. पगाराची चिठ्ठी मिळत नसेल तर साधी वही घाला. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, किती मीटर किंवा किती नग, किती उचल. आजपासून लिहायला लागलात तर त्या दिवशी दाखवायला काहीतरी असेल.