विम्याचा दावा : आपल्या बाजूने कोण?

1989 च्या जुलैत बिंदुसरेला आलेला पूर जुने बीडकर विसरलेले नाहीत. पूर असो वा आग, 'विमा आहे ना!' म्हणून दुकानदार धीर धरतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

अमेरिकेत विमाधारकाच्या बाजूने नुकसान मोजून दावा मांडणारा परवानाधारक जाणकार मिळतो. त्याला पब्लिक अ‍ॅडजस्टर म्हणतात. आपल्याकडे असा परवाना नाही. इथे येतो तो सर्वेअर. त्याने निःपक्ष राहावे असा नियम आहे. पण त्याला नेमते कंपनी आणि फीही कंपनीच देते. दुकानदार एकटा पडतो, मग टक्केवारीवाल्या दलालाच्या हाती सापडतो.

बांधवांनो, दहा लाखांच्या मालाचा विमा पाचच लाखांचा असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीला साधारणपणे एकच लाख मिळतो. म्हणून विमा पुऱ्या मालाचा घ्या. बिलांची व स्टॉक रजिस्टरची एक प्रत घरी ठेवा. पॉलिसी बँकेत असेल तर नक्कल मागून घ्या. सर्वेअर येईपर्यंत खराब माल फेकू नका, फोटो काढा. त्याच्या अहवालाची प्रत मागा. लेखी तक्रारीनंतरही कंपनीने दाद दिली नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की, प्रत्येक बाजारपेठेतील व्यापारी संघटनेने हिशेब जाणणारा एक माणूस या कामासाठी नेमावा. शिलाईवाला, वेल्डर, सुतार यांच्यासाठी तोच आपला पब्लिक अ‍ॅडजस्टर ठरेल.