बिस्मथचं उत्तर गाईडमध्ये नाही

अतिसंवाहकता कशामुळे येते, असं विचारलं की आमच्याकडची पोरं झोपेतसुद्धा सांगतात: बीसीएस सिद्धान्त. बार्डीन, कूपर, श्रीफर, १९५७, नोबेल १९७२. पाचपैकी पाच मार्क. मी कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकवतो आणि मला या पाच मार्कांचा राग आहे.

राग सिद्धान्तावर नाही. स्फटिकाच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात आणि त्या सगळ्या मिळून विरोधाविना वाहतात, ही कल्पना देखणीच आहे. राग आहे तो धडा तिथे मिटवून टाकण्याचा. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथचा शुद्ध स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली नेला आणि तो अतिसंवाहक झाला. 'सायन्स'मध्ये हे २०१७ साली छापून आलं. बिस्मथ म्हणजे पोटाच्या औषधात असतो तोच.

यात अडचण काय? साध्या धातूत अणूमागे साधारण एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. बिस्मथमध्ये एक लाख अणूंमागे एक. लग्नं जमवायची तर गावात माणसंच नाहीत, अशी गत. शिवाय इलेक्ट्रॉनांच्या मानाने स्फटिकाची कंपनं फार संथ असतात, हे बीसीएसचं गृहीतकच इथे टिकत नाही. दोन्हींच्या ऊर्जा जवळपास सारख्या आहेत. म्हणजे पोरांनी पाठ केलेलं उत्तर या स्फटिकाला जसंच्या तसं लावता येत नाही.

आणि मोजणी किती नाजूक! द्रव हेलियमपेक्षा सुमारे आठ हजार पट थंड. पाचेक मायक्रोटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लागलं की अवस्था मोडते. होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या सात-आठ पट असतं. नमुन्याला खुद्द पृथ्वीपासून जपावं लागलं.

पुढे २०१८ मध्ये असं दिसलं की बिस्मथची इलेक्ट्रॉन-रचना टोपोलॉजिकल आहे: स्फटिकाच्या कडांवरून सहजी न मोडणाऱ्या वाटा जातात. त्याच कुळातल्या बिस्मथ सेलेनाइडमध्ये तांबं घातलं की ३.८ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता येते, आणि ती अवस्था स्फटिकाची तिहेरी सममिती पाळत नाही, असं जपानी गटांच्या मोजणीत आढळलं. कूपर-जोड्यांचे प्रकार वेगवेगळे असू शकतात, हे वर्गात कोण सांगतं?

'पण सर, याचा उपयोग काय?' उद्यमनगरात फाउंड्री चालवणाऱ्याने हे विचारलं तर मला मान्य आहे. त्याची भट्टी रोज पेटते. प्राध्यापकाने विचारू नये. जुलै २०२३ मध्ये कोरियातून एलके-९९ची बातमी आली, तेव्हा हेच लोक व्हॉट्सॲपवर तरंगत्या खड्याचा व्हिडिओ फिरवत होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने पदार्थ बनवून पाहिला, अतिसंवाहकता मिळाली नाही. रोध एकदम घटला तो तांब्याच्या सल्फाइडच्या भेसळीमुळे, हेही पुढे कळलं. रोध घटणं वेगळं आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलणं वेगळं, एवढं ज्याला पक्कं शिकवलंय तो त्या व्हिडिओवर भाळत नाही. कुलाब्याचा दावा उभा आहे तो चुंबकीय मोजणीवर. (टोपोलॉजिकल अतिसंवाहकतेच्या क्षेत्रातही घाई आहेच. मायोराना कण सापडल्याचा डेल्फ्टचा २०१८चा 'नेचर'मधला लेख २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला.)

सहकारी म्हणतात, उघडे प्रश्न दिले तर पोरं गोंधळतील. कागल-गडहिंग्लजहून पहाटेची एसटी धरून येणारी मुलगी गोंधळायला घाबरत नाही. घाबरतो आपण, कारण तिच्या पुढच्या प्रश्नाला आपल्याकडे गाईड नसतं. तिला वाटतं, भौतिकशास्त्र १९५७ला संपलं, आता बँकेची परीक्षा द्यावी. तिच्यापासून कुलाबा एका रात्रीच्या गाडीवर आहे.

माझी मागणी साधी आहे. अतिसंवाहकतेच्या प्रकरणात एक प्रश्न असा हवा: बिस्मथला बीसीएस का लागू पडत नाही, आणि तुम्ही आधी काय मोजाल? आदर्श उत्तर नसेल तर तपासायचं कसं, असं विचारतील. प्रत्येक उत्तर वाचून तपासावं लागेल. त्याला वेळ लागेल, त्या वेळेचं मानधन द्यावं लागेल, आणि तासाला किती उत्तरपत्रिका उरकल्या याची मोजदाद सोडून द्यावी लागेल.