मूळ चित्रासमोर बसू द्या

दौंड-शिरूरच्या शाळांतली मुले शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव होतो. पुढे एखाद्याला व्यक्तिचित्रणाची ओढ लागली, की हाताशी उरतो मोबाइल. त्यावर रविवर्मा दिसतो, रेम्ब्रांही दिसतो. रंग कसा लावलाय, ते मात्र दिसत नाही.

जुन्या तैलचित्रांत बहुधा उजेड जाड असतो आणि सावली पातळ. गालावर रंगाचा दाट थर असतो, तर हनुवटीखाली तळाचे तपकिरी अस्तर डोकावत असते. पडद्यावर तीच सावली काळीकुट्ट होते, मग शिकणारा तिथे काळा रंग थापतो आणि चेहरा निर्जीव होतो. मूळ कॅनव्हास थोडा तिरक्या उजेडात पाहिला, तर कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, हे उमगू लागते.

नक्कल म्हणजे चोरी, हा समज आता सोडायला हवा. 1872 ते 1885 या काळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती केल्या. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते; पुढे पारशी जीवनावरची त्यांची चित्रे नावाजली गेली. रुबेन्स तर पन्नाशी उलटल्यावर, युरोपभर कीर्ती झाल्यावर, माद्रिदला टिशनच्या चित्रांसमोर बसून नकला करत होता.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही रीतसर परवाना घेऊन नक्कल करता येते. अट अशी, की प्रतिकृतीचा आकार मूळ चित्राएवढा नसावा. म्हणजे फसवणुकीचा धोका टळतो.

आपल्याकडे चित्रांची वानवा नाही. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व आहेत, औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत. दौंडहून पुणे रेल्वेने जेमतेम पाऊणशे किलोमीटर. शिरूरकरांना एसटी आहे.

तेव्हा महापालिकेने आणि संग्रहालयांनी महिन्यातून एक सकाळ मोजक्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी. रंगमंदिरात प्रयोग नसेल ती वेळ सोयीची. सोबत कलाशिक्षकाचे पत्र, चित्रापासून ठरावीक अंतर, खाली ताडपत्री आणि कॅनव्हासच्या मागे ‘प्रतिकृती’ अशी नोंद, एवढ्या अटी पुरेत. टर्पेंटाइनच्या वासाची अडचण वाटत असेल, तर पहिली काही सत्रे पेन्सिल आणि कोळशावरच होऊ द्यावीत. तैलरंगाला हात त्यानंतर घालता येईल.