स्टेथोस्कोप खाली ठेवल्यावर

कुठल्याही जुन्या महाविद्यालयाच्या समारंभात नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी वाचली जाते. कोण कुठे संचालक झाला, कोणाला पद्म मिळाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची यादी मात्र अशी वाचली तर हाती फारसे काही लागत नाही. पदवी मिळाल्यावर या मंडळींनी दवाखान्याबाहेर कुठे कुठे नाक खुपसले, तेच खरे पाहण्यासारखे आहे.

1845 मध्ये कॉलेज सुरू झाले आणि 1851 मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. त्या तुकडीतले भाऊ दाजी लाड मूळचे पेडणे भागातल्या मांद्र्याचे. गरिबांना ते फुकट औषध देत. खष्ट, म्हणजे कडू कवठ, त्याच्या बियांपासून कुष्ठरोगावर औषध करण्याचा त्यांचा खटाटोप वर्षानुवर्षे चालला. रोग्यांच्या या गर्दीतून वेळ काढून हा माणूस अजिंठ्याचे शिलालेख वाचत होता, जुनी नाणी जमवत होता, मुंबईचा शेरीफही झाला, तोही दोनदा! त्यांच्याच तुकडीतल्या आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी 1867 मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला. तिसरे गोव्याचे जुझे कामिलो लिश्बोआ. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांचा अभ्यास केला. होय, गवतांचा.

थोडे पुढचे सखाराम अर्जुन. ते याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत भारतीय दोनच होते, हे सखाराम अर्जुन आणि आत्माराम पांडुरंग. दोघेही ग्रँटचे. रखमाबाई ही सखाराम अर्जुनांची सावत्र मुलगी. बालपणी लागलेल्या लग्नाला तिने कोर्टात नकार दिला, तेव्हा देशभर वादळ उठले. पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. नावाजलेल्या विद्यार्थ्याच्या घरात काय घडते, हेही कधीतरी यादीत यायला हवे.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीतला ताप साधा नाही, हा गाठीचा प्लेग आहे, असे अकासियो व्हिएगस यांनी सांगितले. तेही ग्रँटचेच. शहराचा सगळा व्यापार बंदरावर चाललेला. अशा वेळी हा शब्द उच्चारणे कोणालाच परवडणारे नव्हते. ते नगरसेवक असल्याने गप्प बसण्याची सोयही होती, पण ते बसले नाहीत. त्याच ग्रँटच्या आवारात शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली.

निखळ वैद्यकाचे उदाहरण हवे असेल तर विठ्ठल नागेश शिरोडकर आहेत. वारंवार गर्भ पडणाऱ्या बाईच्या गर्भाशयाचे तोंड तिच्याच मांडीतून काढलेल्या पट्टीने बांधून ठेवायचे, ही त्यांची युक्ती 1955 मध्ये जगापुढे आली. ‘शिरोडकर टाका’ हे नाव आजही परदेशांतल्या प्रसूतिगृहांत चालते.

आता कोणी म्हणेल, त्या काळी डॉक्टर मूठभर होते, बहुतेक सुस्थितीतले, त्यांना फुरसत होती. म्हणणे खोटे नाही. सलग ड्युटी करून वॉर्डातच पेंगणाऱ्या निवासी डॉक्टरला गवताच्या जाती विचारणे क्रूरपणाच ठरेल. पण म्हणूनच तक्रार त्या पोरांबद्दल नाही. ज्या व्यवस्थेने प्रवेश परीक्षेपासून पदव्युत्तर जागेपर्यंत गुणांखेरीज काही मोजायचेच नाही असे ठरवले, तिच्याबद्दल आहे. ड्युटीच्या तासांची मर्यादा कागदाबाहेर पाळा आणि पहिल्या वर्षी एक दिवस विद्यार्थ्यांना आवाराबाहेर काढा. कॉलेजच्या जे.जे. रुग्णालयाच्या फाटकापासून राणीबाग लांब नाही. तिथल्या वस्तुसंग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव आहे. परतताना मेट्रो सिनेमाजवळ व्हिएगस यांचा पुतळाही पाहता येईल, समोरची बस चुकली तरी चालेल.