घर्षणाचा धडा

आमच्या दापोऱ्यात केळीच्या बागांना पंप हवा, शेताला ट्रॅक्टर हवा. तरी यंत्र बिघडताच आपण बुऱ्हाणपूरची वाट धरतो. हे परावलंबन योग्य नव्हे, असे माझे मत आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या जुन्या मोटारीचा क्लच काकांनी व मी अंगणातच बदलला. मोटार केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकविली आणि गिअरपेटी उतरविली. आतील चकतीचे अस्तर पार झिजले होते. घर्षण हा गतीचा शत्रू, असे मी पाठ केले होते. येथे तर एंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारे तेच होते! नवी चकती मात्र आम्ही उलटी बसविली. सारे काम पुन्हा करावे लागले. दोन दिवस गेले.

कारागिराने हे एका दिवसात केले असते, हे खरे. परंतु त्याच्या कौशल्याचे मोल मला त्या चुकीनेच कळले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे असा विचार मांडला. त्याचा अर्थ मला अंगणात उमगला.

शाळेनेही एखादे जुने एंजिन आणून आम्हांस उघडू द्यावे. काळे झालेले हात धुता येतात. त्यांनी मिळविलेली विद्या मात्र टिकते.