‘खंडोबा’ : नामव्युत्पत्ती आणि एका ‘ड’ची साक्ष

पदव्युत्तर वर्गांच्या लघुप्रबंधांतून ‘खंडोबा हे नाव स्कंद या शब्दावरून आले’ असे विधान सिद्ध गोष्टीसारखे लिहिले जाते. ‘खंडा धारण करतो तो खंडोबा’ हे भाविकांचे स्पष्टीकरण मात्र लोकव्युत्पत्ती म्हणून तळटीपेत ढकलले जाते. ही क्रमवारी मला मान्य नाही.

स्कंदपक्ष निराधार आहे असे नव्हे. चंपाषष्ठीतील षष्ठी ही स्कंदाचीही तिथी आहे. दोघेही असुरांशी लढणारे वीर आहेत. म्हाळसा आणि बाणाई ही जोडी दक्षिणेतील मुरुगनच्या देवसेना-वळ्ळींची आठवण करून देते. परंतु हे पुरावे उपासनेचे आहेत, नावाचे नव्हेत. नावासाठी ध्वनीकडेच जावे लागते. हेमचंद्राने 12व्या शतकात ‘स्कंद’ शब्दाची ‘खंद’ आणि ‘कंद’ अशी वैकल्पिक प्राकृत रूपे नोंदविली आहेत. ‘ख’ जुळतो; अडते ते पुढे. दंत्य ‘द’ तेथे टिकून आहे. ‘स्कंध’पासूनही मराठीत ‘खांदा’ झाला, ‘खांडा’ नव्हे. मग खंडोबातील मूर्धन्य ‘ड’ आला कोठून? ‘द’चा ‘ड’ झाल्याची उदाहरणे प्राकृतात आहेत. पण ती बहुतेक ‘दोला-डोला’सारखी शब्दारंभीची.

खंडापक्षाला ही अडचण येत नाही. आश्विन शुद्ध नवमीला शस्त्रपूजा होते तिला आपण ‘खंडेनवमी’ म्हणतो. ‘खंडेराव’मधील ‘खंडे’ त्याच घडणीचा दिसतो. जेजुरीच्या दसऱ्यात सुमारे 42 किलो वजनाचा खंडा आजही पेलला जातो, तेव्हा शब्द आणि वस्तू शेजारी-शेजारी नांदत आहेत.

ग्रीक वीरनामांच्या चर्चेत हाच निकष उलट निर्णय देतो. ‘ओडिसी’च्या 19व्या सर्गात आजोबा नातवाचे ‘ओडिसियस’ हे नाव क्रोधवाचक क्रियापदाशी जोडून ठेवतो. परंतु जुन्या चित्रित कलशांवर हे नाव ‘ल’काराने लिहिलेले सापडते आणि लॅटिनातही ते ‘उलिक्सेस’ असे आहे. एका ‘ल’ने होमरची व्युत्पत्ती संशयित ठरविली. आपल्याकडे ‘ड’ लोकव्युत्पत्तीच्या बाजूने उभा आहे, तर त्याची साक्ष का नाकारावी?

‘मल्लारी’चे उदाहरण याहून बोलके आहे. ‘मल्लाचा अरी’ हा विग्रह इतका सुबक आहे की शंका घेण्याचे कारणच वाटू नये. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी कर्नाटकातील ‘मैलार’ परंपरेकडे लक्ष वेधल्यानंतर मात्र हा विग्रह देशी नावाला मागाहून चढविलेला संस्कृत पेहराव असावा, असे मला वाटते. म्हणजे येथे संस्कृत व्युत्पत्तीच लोकव्युत्पत्ती ठरते. ती पोथीत आहे एवढेच. धनगरांनी सांगितले तर लोकसमजूत आणि माहात्म्यकाराने सांगितले तर शास्त्र, हा भेद आपल्या विद्यापीठीय लेखनात अजून चालू आहे. ज्या विद्यार्थ्याला ‘स्कंद’ लिहायचे असेल त्याने ते अवश्य लिहावे. परंतु मार्गदर्शकाने त्याच्याकडून ‘ड’चा हिशेब आधी मागावा.